कानशीची करामत

पावसाळ्यात भररस्त्यात झाड आडवं पडतं. अग्निशमन दलाची गाडी येते. एक जवान नारिंगी रंगाचं यंत्र जमिनीवर ठेवतो, त्याच्या मुठीत पाय रोवून दोरी ओढतो, आणि सगळ्या आळीला दाराशी आणणारा किंचाळता आवाज सुरू होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. त्यानंतर कित्येक दिवस तिथल्या गावांनी हाच आवाज ऐकत काढले. पुस्तकात या यंत्राला साखळी-करवत म्हणतात, दुकानदार चेनसॉ म्हणतो, आणि ते चालवणारा माणूस नुसतं ‘मशीन’ म्हणतो.

या मशीनचं इंजिन केवढं असतं? जंगलात वापरायची चांगली दणकट करवत घेतली, तर साठ-सत्तर सीसीचं. वजन सगळं मिळून सहा किलोच्या आसपास, आणि ताकद पाच अश्वशक्ती. आता आपल्या ओळखीची गोष्ट शेजारी ठेवून बघा. बजाज चेतक स्कूटर जवळजवळ दीडशे सीसीची होती आणि तिची ताकद साडेसात अश्वशक्ती होती. म्हणजे निम्म्याहून लहान इंजिन, आणि ताकद चेतकच्या दोन तृतीयांश! एवढ्यानेही काही लोकांचं समाधान होत नाही. ते नवी कोरी करवत घरी आणतात, स्वयंपाकघरातल्या नाहीतर पडवीतल्या टेबलावर ती उघडतात आणि हातात कानस घेऊन तिची ताकद वाढवायला बसतात. अमेरिकेत, कॅनडात, स्वीडनमध्ये, ऑस्ट्रेलियात हा उद्योग गेली कित्येक दशकं चालू आहे. आज मला या उद्योगाचा इतिहास सांगायचा आहे. तो वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या पुण्यातल्या गॅरेजांपर्यंतही येतो.

मुळात कानशीने इंजिनाची ताकद वाढते कशी? मोटारीच्या इंजिनाला झडपा असतात. त्या कधी उघडायच्या आणि कधी मिटायच्या हे ठरवणारा दांडा असतो. त्यात बदल करायचा तर यंत्रशाळा हवी. करवतीचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे जुन्या स्कूटरच्या, लूनाच्या जातीचं. त्यात झडपाच नाहीत. सिलिंडरच्या भिंतीत सरळ खिडक्या पाडलेल्या असतात. गॅरेजच्या भाषेत पोर्ट. पिस्टन खाली येताना आधी धूर बाहेर जायची खिडकी उघडी पडते, मग ताजं मिश्रण आत यायची. पिस्टन वर जाताना त्या खिडक्या बंद होतात आणि त्याच वेळी पिस्टनच्या खालच्या पोकळीत कार्बोरेटरमधून पुढचा घोट ओढला जातो. पिस्टन हाच दरवाजा आणि पिस्टन हाच दारवान. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांनी १८९० च्या सुमारास ही रचना बसवली आणि आजही ती मूळ रूपात ओळखू येते.

यातली मेख अशी की खिडकी किती वेळ उघडी राहणार हे केवळ तिच्या कडेच्या उंचीवर ठरतं. धुराच्या खिडकीची वरची कड अर्धा मिलिमीटर वर सरकवली, की इंजिनाचा स्वभाव बदलतो. ते जास्त फेऱ्यांवर, जास्त जोराने पळायला लागतं. आणि अर्धा मिलिमीटर धातू काढायला कारखाना लागत नाही. कानस लागते, धीर लागतो आणि कुठे थांबायचं ते कळावं लागतं. कारखान्यातल्या अभियंत्यांना हे माहीत नसतं असं नाही. पण त्यांना आवाज, पेट्रोल, टिकाऊपणा, किंमत आणि अडाणी गिऱ्हाईक या सगळ्यांचा मेळ घालून ती कड कुठेतरी मध्यावर ठेवावी लागते. घरचा कारागीर बसून हा समझोताच मोडत असतो.

करवतीचा जन्म जर्मनीतला. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी करवत बनवली. ती ६४ किलोची होती आणि उचलायला दोन माणसं लागत. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंजियातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून दाखवली आणि त्या डोंगराचं नाव आपल्या कंपनीला दिलं. पुढची वीस वर्षं सगळी धडपड वजन उतरवण्याची होती. १९४९ मध्ये लॉस एंजलिसच्या रॉबर्ट मॅक्युलॉक यांनी २५ पौंडांची, म्हणजे साडेअकरा किलोंच्या आतली करवत बाजारात आणली आणि एकट्या माणसाला झाड पाडता येऊ लागलं. (हे मॅक्युलॉक भलतेच हौशी गृहस्थ. लंडनचा जुना पूल विक्रीला निघाला तेव्हा त्यांनी १९६८ मध्ये तो चोवीस लाख साठ हजार डॉलरना विकत घेतला, दगडांवर आकडे घालून ॲरिझोनाच्या वाळवंटात नेला आणि आपण वसवलेल्या लेक हवासू सिटीत पुन्हा उभा केला. तो आजही तिथे आहे.)

पण या यंत्रातली सगळ्यात मोठी सुधारणा कारखान्यात झालीच नाही. ओरेगन राज्यात जो कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. तेव्हाच्या साखळ्यांना हातकरवतीसारखे दाते असत. ते घटकेत बोथट होत आणि निम्मा दिवस धार लावण्यात जाई. १९४६ मध्ये कॉक्सने एका ओंडक्यात भुंग्याची अळी पाहिली. जाडजूड अळी, पण लाकडाच्या रेषेने आणि रेषेला आडवी अशी दोन्हीकडे ती सारख्याच सहजपणे पोखरत चालली होती. तिचे जबडे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वाकडे होते. कॉक्सने तोच आकार पोलादात उतरवला आणि १९४७ मध्ये पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात साखळ्या बनवायला सुरुवात केली. आज जगातली बहुतेक प्रत्येक करवत त्या अळीच्या दातांनी कापते. घरी बसून केलेल्या खटपटीला कमी लेखणाऱ्यांना मी नेहमी कॉक्सची ही गोष्ट सांगतो.

आता इंजिनाकडे वळू. करवतीच्या इंजिनाला ताकद वाढवून घ्यायला पहिल्यांदा मोठ्या संख्येने ज्यांनी घरी नेलं, ते लाकूडतोडे नव्हते, मोटारवेडे होते. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने लोखंडी नळ्या जोडून एक चिमुकली गाडी बनवली. इंगल्स हा इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कर्टिस-क्राफ्ट या कंपनीतला कारागीर. मित्र लू बोरेली मदतीला होता. इंजिन लावलं ते गवत कापायच्या यंत्रासाठी बनवलेलं, स्वस्तात मिळालेलं. हीच जगातली पहिली गो-कार्ट. पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमबाहेरच्या मोकळ्या वाहनतळावर रविवारी अशा गाड्या जमू लागल्या. गवताच्या यंत्राचं इंजिन लवकरच लोकांना कमी पडू लागलं आणि मग नजर गेली ती करवतीवर. हलकं, वेगाने फिरणारं, कुठल्याही कोनात चालणारं इंजिन घराघरांत तयारच होतं. मॅक्युलॉक कंपनीनेही वारा ओळखला. १९५९ मध्ये तिने करवतीच्याच इंजिनात फेरफार करून खास कार्टसाठी ‘एमसी-१०’ हे इंजिन विकायला काढलं. गिऱ्हाईक घरी जे करत होतं, तेच कंपनी करू लागली, असं मी म्हणेन.

या मंडळींच्या युक्त्या ऐकण्यासारख्या होत्या. सिलिंडरखालचं पॅकिंग पातळ करायचं किंवा काढूनच टाकायचं, म्हणजे दाब वाढतो. हेड घासायचं. खिडक्यांच्या कडा वर-खाली करायच्या आणि आतला खडबडीतपणा काढायचा. ठिणगी थोडी आधी पडेल अशी व्यवस्था करायची. पेट्रोलऐवजी मिथेनॉल जाळायचं, त्यासाठी कार्बोरेटरच्या जेटचं भोक मोठं करायचं. कारण मिथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं. आणि वंगण म्हणून त्यात काय घालायचं? एरंडेल! मिथेनॉलमध्ये नेहमीचं खनिज तेल मिसळत नाही, एरंडेल मिसळतं आणि प्रचंड उष्णतेतही पिस्टनला चिकटून राहतं. शर्यतीच्या मैदानावरचा तो विशिष्ट वास यातूनच आला. कॅस्ट्रॉल हे नावही कॅस्टर, म्हणजे एरंडावरूनच आलेलं आहे.

आयर्टन सेना हे नाव मोटार शर्यती न बघणाऱ्यांच्याही कानावर असेल. ब्राझीलच्या या विश्वविजेत्याची पहिली गाडी त्याच्या वडिलांनी त्याला चौथ्या वर्षी बनवून दिली होती, गवत कापायच्या यंत्राच्या एक अश्वशक्तीच्या इंजिनावर.

तरी १९५० च्या दशकातला हा सगळा उद्योग अंदाजपंचे होता. घासून बघायचं, पळवून बघायचं, जळालं तर दुसरं आणायचं. टू-स्ट्रोकमध्ये ताकद नेमकी कुठे दडली आहे हे शोधून काढलं ते पूर्व जर्मनीतल्या चोपाउ या लहानशा गावातल्या माणसाने, वॉल्टर काडेनने. युद्धात हा हेन्शेल कंपनीत, विमानातून सोडायच्या तरंगत्या बॉम्बवर काम करत होता. युद्ध संपल्यावर गावी परतून त्याने छपरांच्या कैच्या बनवायची लाकडाची वखार टाकली आणि फावल्या वेळात मोटरसायकली शर्यतीसाठी तयार करू लागला. त्यातूनच १९५३ मध्ये गावातल्या सरकारी मोटरसायकल कारखान्याचा, म्हणजे पुढच्या ‘एमझेड’चा, शर्यत विभाग त्याच्या हाती आला. पैसा नाही, चांगला धातू नाही, परदेशी यंत्रसामग्री नाही. होती ती जिद्द आणि एक ऑसिलोस्कोप.

काडेनच्या लक्षात आलं की धुराच्या खिडकीतून फक्त धूर बाहेर पडत नाही, आवाजही बाहेर पडतो, आणि आवाज म्हणजे दाबाची लाट. टू-स्ट्रोकची जुनी दुखणी दोन. धूर पुरता बाहेर जात नाही, आणि तो जाण्याआधीच ताजं मिश्रण त्याच्या मागोमाग निसटून जातं. काडेनने सायलेन्सरच्या नळीला पोट दिलं. नळी आधी शंकूसारखी रुंद होत जाते, मग पुन्हा निमुळती होते. रुंद होणाऱ्या भागातून लाट जाताना मागे ओढ निर्माण होते आणि उरलासुरला धूर खेचून घेतला जातो. पुढे निमुळत्या टोकावर तीच लाट आपटून परत फिरते आणि निसटलेलं मिश्रण खिडकी मिटायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. सगळा खेळ लांबीचा आणि वेळेचा. नळी काही सेंटीमीटर चुकली, की लाट अवेळी पोचते आणि काम बिघडवते. मला हा शोध यंत्रशास्त्रातला कमी आणि संगीतातला जास्त वाटतो. बासरीची भोकं पाडणाऱ्याला तो लगेच कळेल. १९६१ पर्यंत काडेनचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्ती देत होतं. लिटरमागे २०० अश्वशक्ती, तीही बाहेरून हवा कोंबणाऱ्या पंपाशिवाय. हे तोवर कुणालाच जमलं नव्हतं.

आणि त्याच वर्षी ते गुपित फुटलं. काडेनचा सगळ्यात चांगला स्वार एर्न्स्ट देग्नर १२५ सीसीच्या जागतिक विजेतेपदाच्या शर्यतीत पुढे होता. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनमध्ये भिंत उभी राहायला सुरुवात झाली. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या क्रिस्टियानस्टाड इथल्या शर्यतीत त्याचं इंजिन मोडलं. त्यानंतर देग्नर पूर्व जर्मनीला परतलाच नाही. त्याच सुमारास त्याच्या बायको-मुलांना मोटारीच्या डिकीत दडवून पश्चिमेकडे आणलं गेलं. देग्नर जपानला सुझुकीकडे गेला, तो काडेनची विद्या डोक्यात घेऊन. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, सुझुकीने ५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि स्वार होता खुद्द देग्नर. टू-स्ट्रोक इंजिनाला मिळालेलं ते पहिलं जागतिक विजेतेपद. काडेनला स्वतःला ते कधीच मिळालं नाही. देग्नरला चोर ठरवून ही गोष्ट सांगायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. डिकीत मुलं घालून देश सोडावा लागणाऱ्या माणसाकडे विकण्यासारखं दुसरं काय होतं? पण काडेनचं दुःखही खोटं नाही. तो चोपाउतच राहिला आणि १९९६ मध्ये वारला.

ही विद्या पुढे सगळ्यांची झाली. १९७३ मध्ये गॉर्डन जेनिंग्ज या अमेरिकन मोटरसायकल पत्रकाराने टू-स्ट्रोक सुधारण्यावर एक हस्तपुस्तिका लिहिली. खिडकी किती अंशांना उघडावी, नळी किती लांब हवी, याची गणितं घरच्या माणसाला कागद-पेन्सिल घेऊन करता येतील अशा भाषेत त्यात होती. तोवर अंदाजाने कानस मारणारे लोक आता आधी कोनमापक लावून मोजू लागले. जंगलात काम करणाऱ्यांनीही करवती उघडल्या. करवतीला काडेनची लांबलचक नळी लावून झाडावर चढता येत नाही, म्हणून त्यांची पद्धत साधी राहिली: सायलेन्सरचं तोंड मोठं करायचं, खिडक्या बेताने घासायच्या, कार्बोरेटर नव्याने जुळवायचा. रोजच्या कामाला पुरेल आणि दिवसभर टिकेल एवढंच. दुसऱ्या टोकाला लाकूडतोडीच्या स्पर्धा. १९८५ पासून अमेरिकेत भरणाऱ्या टिंबरस्पोर्ट्स स्पर्धांत ‘हॉट सॉ’ नावाचा प्रकार आहे. त्यात स्नोमोबाइलची किंवा मोटरसायकलची इंजिनं बसवलेल्या पंचवीस-तीस किलोंच्या करवती येतात आणि जाड ओंडक्याच्या तीन चकत्या काही सेकंदांत पाडतात.

आपल्याकडे करवतीची हौस नव्हती, कारण करवतीच नव्हत्या. पण टू-स्ट्रोकची होती. १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० आली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, आणि धुराच्या नळीत काडेनचेच शंकू. १९९० च्या आसपास मी पुण्यात कॉलेजात होतो. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांमागे एक छोटं गॅरेज होतं, तिथे मी तासन्‌तास उभा राहत असे. मेस्त्रींना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी जेनिंग्ज वाचला नव्हता, काडेनचं नाव ऐकलं नव्हतं. ‘पिकअप पाहिजे का टॉप?’ एवढंच ते गिऱ्हाइकाला विचारत. उत्तर मिळालं की ब्लॉक काढून खिडकीत बोट फिरवत, कागदाची पट्टी लावून उंची बघत आणि अर्धगोल कानस उचलत. ‘अण्णा, किती काढणार?’ असं मी विचारलं, तर म्हणत, ‘एका नखाएवढं. जास्त काढलं तर परत लावता येतं का रे?’ जेनिंग्जने पानंच्या पानं खर्च करून जे सांगितलं आहे, त्याचा बराचसा अर्थ या वाक्यात आहे.

आता या सगळ्याचा खर्च. खिडकी जास्त वेळ उघडी राहिली की जास्त मिश्रण न जळताच बाहेर जातं. साध्या टू-स्ट्रोकमध्ये मुळातच पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त पेट्रोल असं वाया जातं. ते धुराबरोबर हवेत आणि आपल्या छातीत. आपल्याकडे १९९१, १९९६ आणि २००० साली दुचाकींच्या धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक गेल्या. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात करवतींना असेच नियम लागले. कारखान्यांनी कार्बोरेटरच्या स्क्रूंवर टोप्या बसवल्या, म्हणजे घरी कुणी मिश्रण फारसं बदलू नये. नव्या रचनेत मिश्रणाच्या आधी नुसत्या हवेचा एक थर सोडतात. निसटलीच तर हवा निसटते. या टोप्या काढून टाकणं हे घरच्या कारागिराचं पहिलं काम झालं, हे सांगायला नको. तिथे मला कौतुक थांबवावंसं वाटतं.

दुसरा खर्च हातांचा आहे. मोटरसायकलचं इंजिन दोन गुडघ्यांमध्ये असतं; करवतीचं दोन मनगटांमध्ये. जंगल-कामगारांची बोटं कंपनाने पांढरी, बधिर पडतात हे १९६० च्या दशकात डॉक्टरांनी दाखवून दिलं, आणि ब्रिटनमध्ये १९८५ मध्ये त्या विकाराची नोंद व्यवसायजन्य रोगांत झाली. त्यातूनच कंपन झेलणाऱ्या रबरी बैठकीच्या मुठी आल्या. करवतीचं टोक लाकडाला चुकीच्या जागी टेकलं की ती उसळून तोंडाकडे येते. ती उसळताना साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावत असते. इंजिन वाढवलं की हा आकडा वाढतो; तिला थांबवणारा ब्रेक मात्र कारखान्याने जुन्याच ताकदीचा हिशोब धरून दिलेला असतो. शर्यतीच्या मैदानावर गाडी सीझ झाली तर विजेतेपद जातं. झाडावर चढलेल्या माणसाच्या हातात इंजिन बिनसलं, तर हिशोब वेगळा. म्हणून कोकणातल्या एखाद्या बागाईतदाराने मला विचारलं, तर मी त्याला साखळीला नीट धार लावून घ्यायला सांगेन. बोथट साखळीला चौपट ताकद दिली तरी ती भुसाच पाडते. कॉक्सच्या अळीला तर इंजिनच नव्हतं.

२०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने, म्हणजे ज्या राज्यात इंगल्सने आपली गाडी बनवली त्याच राज्याने, लहान पेट्रोल इंजिनांविरुद्ध कायदा केला. २०२४ पासून तिथे नव्याने बनणारी गवताची, पाचोळ्याची बहुतेक लहान यंत्रं बिनधुराचीच हवीत, म्हणजे व्यवहारात बॅटरीवरची. मात्र ४५ सीसी आणि त्यावरच्या करवती त्यातून सुटल्या, कारण त्या केंद्रीय कायद्याखाली येतात आणि राज्याला त्यांना हात लावता येत नाही. लाकूडतोड्यांच्या दणकट करवती सगळ्या या मापाच्या वरच्याच.